बारा वर्षांचं इंग्रजी

“शाळा इंग्लिश मीडियमची आहे हे बाहेर बोर्डावर लिहिलंय की. त्याचाच फोटो काढून पाठव त्यांना,” ऑफिसातले काका म्हणाले. दहावीनंतर तब्बल दहा वर्षांनी मी शाळेची पायरी चढले होते. २०२३चा जानेवारी. हातात जपानमधल्या एका कंपनीने पाठवलेला मजकूर होता: अमुक विद्यार्थिनी अमुक इयत्तेपासून अमुक इयत्तेपर्यंत या शाळेत होती आणि तिचं शिक्षण इंग्रजी माध्यमातून झालं. लेटरहेडवर, सही-शिक्क्यानिशी. काकांनी तो दोनदा वाचला. “बोनाफाईड देतो. लीव्हिंगची डुप्लिकेट देतो. हे असलं काही कधी दिलेलं नाही.” मॅडम मीटिंगला गेल्या होत्या. गुरुवारी या.

जपानच्या शाळांत परदेशी सहायक इंग्रजी शिक्षक असतात, त्यांना तिथे एएलटी म्हणतात. त्यांच्या व्हिसासाठी पदवी लागते. शिवाय जी परकी भाषा शिकवायची, त्या भाषेतून किमान १२ वर्षं शिक्षण झालेलं असावं लागतं. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये वाढलेल्यांना असा नियम आहे हे बहुधा ठाऊकही नसतं. माझी पहिली चार वर्षं वाईत, मराठी शाळेत गेली. बाबा एसटीत होते. त्यांची स्वारगेटला बदली झाली आणि आईने हट्टाने मला पाचवीत इंग्लिश मीडियमला घातलं. पाचवी ते दहावी सहा, अकरावी-बारावी दोन, बी.ए. तीन, एम.ए. दोन. झाली तेरा. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी स्क्रीनच्या पलीकडे बोटांवर मोजलं आणि म्हणाल्या, एक जास्तच आहे, चालेल. वाईची चार वर्षं हिशेबात कुठेच नव्हती.

रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानीच्या वर्गात माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण माझ्यापेक्षा सफाईने इंग्रजी बोलते, पण ती सेमी इंग्लिशची. गणित-विज्ञान इंग्रजीतून, बाकी सगळं मराठीतून. ‘सेमी’ म्हणजे काय हे जपानी इमिग्रेशनला समजावून सांगायच्या फंदात कंपनी पडली नाही. तिचा अर्ज तिथेच थांबला.

पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची वानवा नाही. बहुतेकांची नजर आयटीतल्या किंवा भाषांतराच्या नोकरीवर असते. मी इंग्रजी शिकवायला जपानला चाललेय म्हटल्यावर आमचे सर हसून म्हणाले, “ही उलटी गंगा आहे.”

एएलटी व्हायच्या दोन वाटा आहेत. एक जेट, जपान सरकारचा कार्यक्रम, १९८७पासून चालू असलेला. मी गेले तेव्हा त्यात पहिल्या वर्षाला ३३ लाख ६० हजार येन मिळत, पण भारतातून घेतात ते फारच थोडे. दुसरी वाट खासगी कंपन्यांची. नगरपालिकांचं शिक्षण मंडळ निविदा काढतं, कंपनी शिक्षक पुरवते आणि मधला वाटा ठेवून घेते. मला दुसरी वाट मिळाली. महिना २ लाख ३० हजार येन, शाळेला सुट्टी असेल त्या महिन्यांत कमी. हे ‘कमी’ म्हणजे किती, ते करारात सातव्या पानावर होतं. मी ते पान ऑगस्टमध्ये नीट वाचलं.

शाळेचं पत्र तिसऱ्या गुरुवारी मिळालं. ज्युनिअर कॉलेजने एका दिवसात दिलं, याचं मला आजही आश्चर्य वाटतं. विद्यापीठाची गंमत वेगळीच. मी पदवीदान समारंभाला गेलेच नव्हते, त्यामुळे माझ्याकडे नुसत्या मार्कशीट होत्या. पदवी प्रमाणपत्रासाठी अर्ज, फी, वाट पाहणं. हे ज्यांना पुढेमागे करायचंय त्यांनी पदवी हातात घेऊन ठेवावी. त्या कागदावाचून आपण पदवीधर नसतो.

सगळं पोचल्यावर कंपनीने तिकडच्या इमिग्रेशनकडे माझ्या नावाने पात्रता प्रमाणपत्राचा अर्ज केला. ते मार्चच्या सुरुवातीला कुरियरने आलं. मुळात व्हिसा देणार की नाही हे त्या कागदावरच ठरतं, नंतरचा पासपोर्टवरचा शिक्का जवळजवळ औपचारिक असतो. त्यानंतर काहीच दिवसांनी हे प्रमाणपत्र ई-मेलने मिळायची सोय झाली. माझं नशीब थोडं आधीचं.

नेमणूक कुठे, हे अगदी शेवटी कळलं. ओकायामा प्रांत. घरात मी नाव वाचलं आणि बाबा म्हणाले, “म्हणजे आपली सिंहगड रोडची बाग?” पु. ल. देशपांडे उद्यान हे ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं आहे, त्याचं नावच पुणे-ओकायामा मैत्री उद्यान. जपान म्हणजे काय ते बाबांना त्या बागेपुरतं माहीत होतं, आणि ते त्यांना पुरेसं वाटलं. आईला नाही वाटलं. तिने मेतकूट, भाजणी, गोडा मसाला आणि दोन किलो पोहे बॅगेत भरले.

निघताना जपानचे कोविडचे नियम अजून शिल्लक होते: लशीचे तीन डोस किंवा निघण्याआधीच्या ७२ तासांतली आरटीपीसीआर. माझे दोनच डोस झाले होते. रिपोर्ट येईपर्यंत मी घरात कुणाशी धड बोलले नाही. त्याच आठवड्यात आरटीओत जाऊन आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढला, कारण नेमणुकीच्या पत्रात ‘गाडी चालवणं आवश्यक’ असं होतं. आणि पैसे. पगार काम केलेल्या महिन्याच्या पुढच्या महिन्याअखेर, म्हणजे एप्रिलचा मे संपताना. तोपर्यंतचं भाडं, अनामत, भांडीकुंडी, पेट्रोल, सगळं पदरचं. कंपनी म्हणाली, चार लाख येन आणा. तेव्हा शंभर येनला साठ रुपयांहून थोडे जास्त पडत होते. आईने एफडी मोडली. मी ‘वर्षात परत करते’ म्हटलं.

कान्साई विमानतळावर दहा मिनिटांत निवासी कार्ड हातात मिळालं. पुण्यातल्या तीन गुरुवारांनंतर मला तो चमत्कार वाटला. शिन-ओसाकाहून ओकायामा बुलेट ट्रेनने तासाच्या आत. तिथून हाकुबी लाइनने डोंगरात. स्टेशनवर कंपनीचा माणूस आला, किल्ली दिली, उद्या नऊला भेटू म्हणाला आणि गेला. खोलीत शिरून मी दिव्याचं बटण शोधलं. बटण होतं. दिवा नव्हता. छतावर नुसतं होल्डर. जपानमध्ये भाड्याच्या घरात दिवे, पडदे, शेगडी यातलं सहसा काही नसतं, ते आपण आणायचं. गॅस चालू करायला गॅस कंपनीचा माणूस यावा लागतो आणि आपण घरी असावं लागतं. तो आला तिसऱ्या दिवशी. मार्चअखेरच्या डोंगरातल्या पाण्याने मी दोन दिवस आंघोळ केली. पहिल्या रात्री मोबाइलच्या उजेडात कोरडे पोहे मेतकूट लावून खाल्ले आणि आईला ‘घर छान आहे’ असा मेसेज केला.

पुढचे दोन आठवडे कार्यालयांचे. १४ दिवसांत पालिकेत पत्त्याची नोंद करायची. ती झाली. मग बँक म्हणाली, जपानी फोन नंबर हवा. फोनवाले म्हणाले, जपानी बँकेचं खातं हवं. मी दोन्हीकडे दोनदा गेले, सगळीकडे कमरेत वाकून माफी मागितली गेली आणि काम झालं नाही. शेवटी कंपनीच्या माणसाने बँकेत स्वतःचा नंबर लिहिला.

एप्रिलमध्ये शाळा सुरू झाल्या. माझ्याकडे तीन: दोन प्राथमिक, एक कनिष्ठ माध्यमिक. जपानमध्ये २०२०पासून पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय झालाय, तिसरी-चौथीला नुसतं खेळ-गाण्यांचं इंग्रजी असतं. प्राथमिकला ते अनेकदा वर्गशिक्षकच शिकवतात, आणि त्यांच्यातल्या अनेकांनी ही नोकरी घेतली तेव्हा इंग्रजी शिकवावं लागेल असं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. म्हणून आम्ही.

दारात बूट काढून आतले वेगळे बूट घालायचे. शिक्षकांची एकच मोठी खोली, सगळ्यांची टेबलं एकमेकांना चिकटून. मधोमध उपमुख्याध्यापक, त्यांना ‘क्योतो-सेन्सेई’ म्हणतात. पहिला आठवडाभर मी समजत होते की ते क्योतो शहरातले आहेत आणि त्यांना त्याचा अभिमान आहे. संध्याकाळी निघताना ‘ओसाकी नि शित्सुरेइ शिमासु’ म्हणायचं, म्हणजे तुमच्या आधी जातेय, उद्धटपणाबद्दल क्षमा. माझा करार पावणेपाचला संपत होता. बाकीचे सात-आठपर्यंत बसत. रोज तीस जणांची क्षमा मागून मी बाहेर पडायची.

माझं आडनाव इथे लिहीत नाही, पण त्यात ळ आहे. जपानीत ळ नाही, ल पण नाही, सगळ्याचा र होतो. शेवटचा ए त्यांनी लांबवला. जे उरलं ते मुलांच्या कानाला ‘कारेऽ’ ऐकू आलं, म्हणजे करी. भारतातून आलेली आणि नाव करी! तिसरीच्या वर्गात हसून हसून एक मुलगा बाकावरून पडला. तेव्हापासून मी तिन्ही शाळांत करी-सेन्सेई. गंमत अशी, की शाळेच्या जेवणातली करी मला खाता येत नव्हती, त्यात डुकराचं मांस. एरवीच्या सूपांतही माशाचं पाणी. ॲलर्जी असेल तर वेगळं ताट मिळतं, शाकाहार म्हणजे ॲलर्जी नव्हे. मी डबा न्यायला लागले. एप्रिलमध्ये मुलं अजून कोविडच्या सवयीने एका दिशेला तोंड करून गप्प जेवत होती. मे महिन्यात बाकं जोडली गेली आणि माझं थालीपीठ हा सार्वजनिक विषय झाला.

भारतीय माणूस १९ गुणिले १९पर्यंतचे पाढे पाठ म्हणतो, असं जपानात सगळ्यांना माहीत असतं. पाचवीच्या वर्गात पहिल्याच तासाला हात वर झाला: “सतरा गुणिले अठरा?” पोटात गोळा आला. आमचे पाढे दाहेपर्यंतच. पण वाईच्या बाईंनी तीसपर्यंत म्हणून घेतले होते. सतरा दाहे सत्तरासे, सतरा आठे छत्तिसासे. “तीनशे सहा.” वर्गशिक्षकांनी कॅल्क्युलेटर काढून बघितला. त्या दिवसापासून माझ्या इंग्रजीवरही त्यांचा विश्वास बसला. पाढा मी मनात मराठीतच म्हटला होता.

पहिलीच्या वर्गात भिंतीवर त्यांच्या अक्षरांचा तक्ता असतो. अ इ उ ए ओ, मग क, स, त, न, ह, म, य, र, व. हा क्रम बौद्ध भिक्षूंबरोबर गेलेल्या संस्कृत वर्णमालेवरून आलाय, आणि ह तिथे बसलाय तो प म्हणून, कारण जुन्या जपानीत तो प होता. हे रानडेत सरांनी सांगितलं होतं, मी परीक्षेपुरतं लिहिलं होतं. आता समोर सहा वर्षांची मुलं ते एका सुरात म्हणत होती आणि मला वाईची बालवाडी ऐकू येत होती. मग मी दर महिन्याला मुलांची नावं देवनागरीत लिहून द्यायला लागले. कामाच्या वर्णनात ते नव्हतं.

कामाच्या वर्णनावरून आठवलं. माझा करार कंत्राटी सेवेचा होता, त्यामुळे कायद्याने शाळेतले शिक्षक मला थेट सूचना देऊ शकत नव्हते, सूचना कंपनीमार्फतच यायला हव्यात. माध्यमिकच्या इंग्रजीच्या सरांना एकदा मी वाचन थोडं सावकाश करावं असं वाटलं. त्यांनी शिक्षण मंडळाला कळवलं, मंडळाने कंपनीला, कंपनीने मला ई-मेल केला. सर माझ्या शेजारच्याच टेबलावर बसत. ई-मेल वाचून मी त्यांच्याकडे पाहिलं, तर ते खिडकीबाहेर बघत होते. पुढे आम्ही एक युक्ती काढली. ते समोर बघून स्वतःशी मोठ्याने बोलायचे आणि मी ऐकायची.

माध्यमिक शाळेत माझं मुख्य काम म्हणजे वाचणं. मी वाचायचं, मुलांनी मागून म्हणायचं. मुलांच्या पुस्तकात कोड असतो, टॅब धरला की अमेरिकन आवाज येतो. सप्टेंबरमध्ये पाठांतर स्पर्धा होती. दुसरीतली, म्हणजे आपल्या आठवीतली, एक मुलगी माझ्याकडे सोपवली. वर्गात ती तोंड उघडत नसे, पण कान विलक्षण तयार होता. तिच्या उताऱ्यात ‘व्हेरी वेल’ असं होतं. मी वाचलं. ती गप्प. पुन्हा वाचलं. तिने मान खाली घालून जपानीत विचारलं, “सेन्सेई, दोन्ही एकच आहेत?”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. ‘व्हेरी’तला आणि ‘वेल’मधला आवाज मी एकच काढत होते, आपला मराठी व. लिहिताना आपण व्ह लिहितो तेवढंच. जपानी मुलं पहिल्याचा ब करतात, ते चूक, पण दोन आवाज दोन ठेवतात. माझ्याकडे एकच होता. तेरा वर्षांच्या चार दाखल्यांवर हे कुठेही नोंदलेलं नव्हतं.

त्या रात्री आरशासमोर उभी राहिले. एकाला वरचे दात खालच्या ओठावर, एकाला ओठांचा चंबू. अर्धा तास. दुसऱ्या दिवशी तिला खरं सांगितलं, तेही जपानीत, वर्गात जपानी बोलायचं नाही असा कंपनीचा नियम असताना. माझी भाषा इंग्रजी नाही, मराठी आहे. पाचवीत शाळा बदलल्यावर दिवाळीपर्यंत मी वर्गात एक शब्द बोलले नव्हते, पाण्याला जायचं कसं विचारायचं ते येत नव्हतं म्हणून तहानलेली बसायची. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, “मी र आणि ल चुकले की तुम्ही टेबलावर एकदा वाजवा. तुम्ही व चुकलात की मी दोनदा वाजवीन.” पुढचे तीन आठवडे रिकाम्या वर्गात आमची टकटक चालायची. मध्येच ती ‘देऽरेऽ मुझुइ’ म्हणून डोकं टेकायची. फार अवघड, ओकायामाच्या बोलीत. पुस्तकी जपानीत ‘देऽरेऽ’ नाही, ते मी तिच्याकडून घेतलं.

स्पर्धेत तिला बक्षीस मिळालं नाही. ‘व्हेरी वेल’ मात्र तिने असं म्हटलं, की मागे बसलेल्या मला आपोआप ओठांचा चंबू करावासा वाटला.

परवान्याचं थोडक्यात. आरटीओचा परवाना एकच वर्ष चालतो, नंतर जपानी काढावा लागतो. आपल्या परवान्यावर तो बदलून मिळतो, पण लेखी परीक्षा, तेव्हा दहा प्रश्नांची, आणि मग मैदानात गाडी चालवून दाखवायची. लेखी सोपं. मैदानात पहिल्यांदा नापास, कारण डावीकडे वळण्याआधी गाडी डाव्या कडेला घेतली नाही. दुसऱ्यांदा नापास, कारण आरशात पाहिलं पण मान वळवून मागे पाहिलं नाही. आठ वर्षं पुण्यात ॲक्टिव्हा चालवताना मी मागे वळून बघितलं असतं तर पुढे काही राहिलंच नसतं. तिसऱ्यांदा मान इतकी वळवली की परीक्षक हसले. पास.

एफडीचं मात्र जमलं नाही. ऑगस्टचा पगार नेहमीच्या निम्म्याहून थोडा जास्त आला, आणि २०२४च्या जुलैपर्यंत शंभर येनचे रुपये बावन्नच्या आसपास उतरले होते. येनमध्ये मी पैसे साठवत होते आणि रुपयात ते आटत होते. आईने विषय काढला नाही. मी अजून एक वर्षाचा करार केला, या वेळी सातवं पान आधी वाचून.

गेल्या महिन्यात रानडेतल्या एका ज्युनिअरचा फोन आला. तिलाही यायचंय. योगायोगाने शाळा माझीच, फक्त ती पहिलीपासून तिथे होती. तिला म्हटलं, मजकूर स्वतः टाइप करून ने, दोन प्रती ने, ‘कोणत्या इयत्तेपासून कोणत्या इयत्तेपर्यंत’ हे आकड्यांत लिहायला लाव, आणि मॅडम कधी असतात ते आधी फोन करून विचार. काकांना माझं नाव सांग.

तिने संध्याकाळी मेसेज केला. काका म्हणाले, “ते जपानचं ना? फॉरमॅट आहे आपल्याकडे,” आणि दहा मिनिटांत शिक्का मारून दिला.